वखारीतील माल आणि वहीतील माहिती

चंदगड तालुक्यातील काजूच्या व्यवसायात वर्षाचा नफा-तोटा बहुधा दोन-अडीच महिन्यांतच ठरून जातो. फाल्गुन-चैत्रात काजूची बी बाजारात उतरू लागते आणि वळवाचे पाऊस पडून मृग नक्षत्र जवळ आले की हंगाम आटोपतो. एवढ्या थोड्या दिवसांत कारखानदाराला वर्षभर पुरेल इतकी बी खरेदी करून, उन्हात वाळवून, वखारीत रचून ठेवावी लागते. भांडवलाचा मोठा भाग कर्जाऊ असतो आणि व्याज पहिल्या दिवसापासून चालू होते. दर रोज हलतो. आजरा, बेळगाव आणि कोकणातील खरेदीदारांचेही त्याच मालाकडे लक्ष असते. शिवाय मंगळूर बंदरात आफ्रिकेची बी कोणत्या भावाने उतरते, याचा परिणाम येथील शेतकऱ्याच्या पट्टीवर होतो. अशा वेळी कोणाकडून, किती पोती आणि कोणत्या दराने घ्यावीत हा निर्णय चुकला, तर पुढे वर्षभर कितीही काटकसर केली तरी ती चूक भरून निघत नाही.

आजवर हा निर्णय अनुभवावर होत आला आहे. जुना व्यापारी मूठभर बी हातात घेऊन तिच्या खुळखुळण्यावरून ओलावा ओळखतो, चार बिया फोडून गर पाहतो आणि दर बोलतो. या कसबाला तोड नाही. परंतु स्मरणशक्तीचा एक स्वभाव आहे. तिला ठळक प्रसंग आठवतात. साधारण वर्षे ती विसरते. ज्या वर्षी मोठा तोटा झाला ते वर्ष दहा वर्षांनीही डोळ्यांपुढे उभे राहते, पण सहा वर्षे सतत थोडे थोडे नुकसान देणारा व्यवहार मनाला जाणवतही नाही. व्यापारी घरांनी वह्या लिहिण्याची पद्धत पाळली ती याच उणिवेसाठी. आज मोठमोठ्या कंपन्या ज्याला डेटा वेअरहाउस आणि डेटा मायनिंग म्हणतात, ते या वह्यांच्याच पुढचे पाऊल आहे. ते आपल्या पेढीवर कसे टाकावे, हे समजण्यासाठी एखाद्या घराचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवणे सोयीचे होईल.

समजा, चंदगडच्या बाजूला काजूचा मध्यम कारखाना असलेले एक घर आहे. आण्णांनी चाळीस वर्षे खरेदी सांभाळली. मुलगा कारखाना पाहतो. वाणिज्य शाखेची पदवी घेतलेली सून हिशेब लिहिते. घरात तीन प्रकारच्या नोंदी आहेत. काट्याजवळची वजनवही सांगते की कोणत्या गावाहून, कोणाची, किती पोती आली. कारखान्यातील रजिस्टरात बी वाफवणे, फोडणे, भट्टीत सुकवणे, साल काढणे आणि प्रतवारी करणे या क्रमाने रोजचा उतारा लिहिलेला असतो. विक्रीची बिले संगणकात टॅलीमध्ये आहेत. तिन्ही नोंदी आपापल्या जागी बिनचूक आहेत, पण त्यांची एकमेकींशी गाठ पडलेली नाही. अमक्या शेतकऱ्याच्या बीमधून किती गर निघाला आणि तो कोणत्या भावाने विकला गेला, हा साधा प्रश्न विचारला तर तिघींपैकी एकही वही एकटी उत्तर देऊ शकत नाही.

टॅलीचा येथे उल्लेख करण्यास कारण आहे. बेंगळूरुचे श्यामसुंदर गोयंका आणि त्यांचे पुत्र भरत गोयंका यांनी १९८६ साली हे काम सुरू केले, ते मुळात स्वतःच्या व्यवसायाचा हिशेब सोपा व्हावा म्हणून. पुढे १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि तालुक्याच्या ठिकाणच्या लहान दुकानदारालाही संगणकावर बिल करणे भाग पडले. त्यामुळे आज बहुतेक व्यापारी घरांत कित्येक वर्षांची माहिती आपोआप साठलेली आहे. परतावा भरला की तिच्याकडे कोणी वळून पाहत नाही, इतकेच.

डेटा वेअरहाउसची कल्पना अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ बिल इनमन यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नीट मांडली. त्यांनी त्याची चार लक्षणे सांगितली. माहिती विषयवार लावलेली असावी. निरनिराळ्या ठिकाणांहून आलेली असली तरी एका मापात आणलेली असावी. प्रत्येक नोंदीला काळाचा संदर्भ असावा. आणि एकदा आत गेलेली नोंद बदलू नये. हे चौथे लक्षण वहीखात्यात वाढलेल्या माणसाला नवे वाटणार नाही. जुन्या वहीत खाडाखोड चालत नसे. चूक झाली तर उलट नोंद करून ती दुरुस्त केली जाई. रोजची कीर्द चालू व्यवहारासाठी असते. वेअरहाउस हे त्या कीर्दीपासून वेगळे ठेवलेले, अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र लावलेले कोठार असते. त्यात रोज बिल करायचे नसते. त्याला प्रश्न विचारायचे असतात.

असे कोठार लावण्याची सोपी रीत पुढे राल्फ किंबॉल यांनी रूढ केली. मध्यभागी मोजता येणारी घटना ठेवायची आणि तिच्याभोवती तिचे संदर्भ मांडायचे. काजूच्या व्यवसायात मध्यभागी पोत्यांचे वजन, दर आणि उतारा येईल. भोवती शेतकरी, गाव, तारीख, बीची जात आणि गराची प्रत हे संदर्भ येतील. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जातींची बी गावठी बीपेक्षा मोठी असते, म्हणून जातीची नोंद हवी. गराच्या प्रतीचे आकडेही अर्थपूर्ण आहेत. डब्ल्यू ३२० म्हणजे एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, ३०० ते ३२० अखंड गर; डब्ल्यू १८० मध्ये गर मोठे आणि भाव जास्त. अखंड गर, पाकळी आणि कणी यांच्या भावांत बराच फरक असल्यामुळे एकूण वजनाइतकेच त्याची विभागणी कशी झाली हेही महत्त्वाचे ठरते.

यापुढचे काम कंटाळवाणे आहे आणि तेच सर्वांत मोलाचे आहे. वजनवहीत एकच माणूस तीन नावांनी सापडतो: कधी आडनाव आणि गाव, कधी घराण्याचे नाव, कधी नुसते ‘पाहुणे’. कुठे वजन पोत्यांत, कुठे किलोत. बारदानाचे वजन कोणी वजा केले आहे, कोणी नाही. ओली बी आणि वाळलेली बी यांतील घट काही ठिकाणी धरली आहे, काही ठिकाणी राहून गेली आहे. संगणकाला यातले काहीच कळत नाही. तो तीन नावांची तीन माणसे समजतो. येथे आण्णांसारख्या जुन्या जाणत्याची गरज लागते. कोणते नाव कोणाचे, हे त्यांच्याशिवाय दुसरे कोण सांगणार? नव्या पिढीने संगणक हाताळावा आणि वडीलधाऱ्यांनी बाजूला बसावे, अशी या कामाची विभागणी होऊच शकत नाही.

काळाच्या नोंदीत आणखी एक मेख आहे आणि परदेशी पुस्तकांत ती सापडणार नाही. आपला बाजार तिथीवर चालतो, संगणक तारखेवर. गणेश चतुर्थी २०२३ साली १९ सप्टेंबरला, २०२४ साली ७ सप्टेंबरला आणि २०२५ साली २७ ऑगस्टला आली. भाद्रपद शुद्ध पंचमीपासून दशलक्षण पर्वाला आरंभ होतो, म्हणजे तेही त्याच्याबरोबर सरकते. आता एखाद्या किराणा दुकानदाराने ऑगस्ट २०२४ आणि ऑगस्ट २०२५ यांची विक्री शेजारी ठेवली, तर गूळ-खोबऱ्याचा खप एकदम वाढल्यासारखा दिसेल. सप्टेंबरची तुलना केली तर धंदा बसल्यासारखे वाटेल. दोन्ही अनुमाने खोटी. उपाय सोपा आहे: प्रत्येक तारखेपुढे महिना-तिथी, सण, चातुर्मास आणि अधिक मास यांचा एक रकाना असावा. त्याचबरोबर असाधारण काळाची खूणही हवी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पुणे-बेंगळूरु महामार्ग कोल्हापूरजवळ कित्येक दिवस बंद होता. २५ मार्च २०२० पासूनची टाळेबंदी तर काजूच्या ऐन हंगामात आली. त्या दिवसांचे आकडे खरे आहेत, पण त्यांवरून साधारण वर्षाचा अंदाज बांधणे चुकीचे ठरेल.

कोठार नीट लागले की मग उत्खनन, म्हणजेच डेटा मायनिंग. संग्रहात दडलेली संगती शोधणे एवढाच त्याचा अर्थ. कोणत्या वस्तू एकत्र विकल्या जातात हे शोधण्याची रीत राकेश अग्रवाल, टोमाश इमिएलिन्स्की आणि अरुण स्वामी यांनी १९९३ साली मांडली. तिचे गणित दुकानाच्या गल्ल्यावर बसून करता येण्याजोगे आहे. समजा, पावसाळ्यापूर्वीच्या १००० पावत्या पाहिल्या. त्यांपैकी १०० पावत्यांत ताडपत्री आहे, १५० मध्ये दोर आहे आणि ६० मध्ये दोन्ही आहेत. म्हणजे ताडपत्री घेणाऱ्या १०० जणांपैकी ६० जण दोरही घेतात. सर्वसाधारण गिऱ्हाइकांत दोर घेणारे १०० मध्ये १५ च आहेत. ताडपत्रीबरोबर दोर जाण्याची शक्यता यावरून चौपट ठरते. हे दुकानदाराला आधीच ठाऊक असेल. पण हीच रीत शेकडो वस्तूंना लावली की त्याला ठाऊक नसलेल्या जोड्याही दिसतात. अमेरिकेतील वॉलमार्ट या कंपनीने २००४ साली एका चक्रीवादळाच्या अनुभवावरून पुढच्या वादळापूर्वी काय खपेल याचा शोध घेतला. तेव्हा पॉप-टार्ट्स नावाच्या एका गोड खाद्याची विक्री वादळापूर्वी नेहमीच्या सातपट होते असे आढळले. मुसळधार पावसाच्या चंदगडात पावसाळ्याची बेगमी भरणाऱ्या दुकानदाराला या उदाहरणाचे मर्म वेगळे सांगायला नको.

मात्र सावधगिरी हवी. शंभर तऱ्हेच्या तुलना केल्या तर चार-पाच निव्वळ योगायोगानेही जुळतात. म्हणून पाच हंगामांच्या नोंदींवरून जो नियम सापडेल तो बाजूला ठेवलेल्या सहाव्या हंगामावर तपासून पाहावा. तेथे तो टिकला नाही तर सोडून द्यावा. पाच-सात पोत्यांच्या अनुभवावर तर कोणताच नियम बांधू नये.

आता त्या घराकडे वळू. सुनेने सहा हंगामांच्या नोंदी जुळवल्या तेव्हा एक गोष्ट पुढे आली. ज्या घरची बी आण्णा तीस वर्षे डोळे झाकून घेत आले, त्या घरच्या मालाचा उतारा इतरांपेक्षा कमी होता. इतरांच्या ८० किलोच्या पोत्यामागे सरासरी २३ किलो गर निघत असेल, तर यांच्या पोत्यामागे साडेएकवीस. फरक दीड किलोचा; पण हंगामात २०० पोती घेतली तर ३०० किलो गराची तूट येते. गर ७०० रुपये किलोने जातो असे धरले, तर एका वर्षात २ लाख १० हजार रुपये. सहा वर्षे ही तूट कोणाच्या ध्यानात आली नव्हती, कारण ती कधीच एकदम दिसली नाही.

“आण्णा, यंदा त्यांची बी घेऊ नये असं आकडे सांगतात,” सून म्हणाली.

आण्णा बराच वेळ कागद पाहत राहिले. मग म्हणाले, “आकडे किती ते सांगतात गं. का ते सांगत नाहीत. का ते विचारायला मला जावं लागेल.”

हा प्रसंग कोणत्याही व्यापारी घरात येऊ शकतो आणि खरी परीक्षा येथेच असते. एका बाजूला कर्जाचे व्याज आणि मुलांचे भविष्य आहे. दुसऱ्या बाजूला तीस वर्षांचा शब्द आहे. आकड्याकडे डोळेझाक करणे हा स्वतःच्या घरावर अन्याय. आकडा हातात घेऊन समोरच्याला अप्रामाणिक ठरवणे हा त्याच्यावर अन्याय. अशा वेळी कोठाराला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. सुनेने त्याच घरच्या नोंदी आठवड्यांनुसार वेगळ्या केल्या. एप्रिलमध्ये आलेली पोती इतरांच्या बरोबरीची निघाली. तूट होती ती वळवाचे पाऊस सुरू झाल्यानंतरच्या पोत्यांत. आण्णा गावी जाऊन आले तेव्हा कारण कळले. वाटण्या झाल्यापासून त्या घराकडे पुरेसे खळे उरले नव्हते. उशिरा गोळा केलेली बी ढिगातच दमट राहत होती, आतला गर डागळत होता आणि फोडताना तुकडा वाढत होता. पोत्यात खोट घालण्याचा विचारही कोणाच्या मनात नव्हता.

उपाय त्यातूनच निघाला. पावसापूर्वीची बी पूर्वीच्याच दराने, नंतरची बी कारखान्याच्या खळ्यावर वाळवून मगच वजन. नाते टिकले आणि तूटही थांबण्याची वाट सापडली. नुसत्या अनुभवाने ही तूट दिसली नसती आणि नुसत्या संगणकाने एक चांगला माणूस तोडला असता.

उधारीच्या बाबतीतही हेच लक्षात ठेवावे. कोणाची वसुली किती दिवसांत होते हे संगणक क्षणात काढून देतो आणि उशीर करणाऱ्यांना एका रांगेत बसवतो. पण ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याचा उशीर बहुतेक वेळा उसाच्या बिलाशी बांधलेला असतो. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे बिल १४ दिवसांत मिळायला हवे; ते लांबले की दुकानाची उधारी लांबते. बिल मिळाल्यापासून किती दिवसांत त्याने पैसे आणून दिले, हे मोजले तर तोच माणूस चोख ठरू शकतो. कोणती गोष्ट कोठून मोजायला सुरुवात करायची, यावर माणसाची पत ठरते. अनेकान्ताची शिकवण मिळालेल्या समाजाला हे कळायला अवघड जाऊ नये. प्रत्येक अहवाल हा एक नय आहे. तो खरा असतो, पण एका बाजूने.

श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिकमानोन्मान, म्हणजे देण्याघेण्याची मापे कमी-जास्त ठेवणे, हा एक दोष सांगितला आहे. माहितीचे मापही असेच आहे. बँकेला दाखवायचा साठा वेगळा, कराचा वेगळा आणि घरचा वेगळा, अशी ज्या पेढीची रीत असेल तिने कोठार उभारण्याचा खर्च करू नये. खोट्या नोंदींवरून निघालेला सल्ला प्रथम मालकालाच फसवतो. गिऱ्हाइकांची माहितीही मर्यादेतच ठेवावी. कोणाच्या घरात आजारपण आहे, कोणाकडे लग्न ठरले आहे, हे पावत्यांवरून कळू शकते. ते दुकानाबाहेर जाऊ नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचाही हाच रोख आहे: संमती घेऊन, ठरलेल्या कामापुरतीच माहिती घ्यावी. परिग्रहपरिमाणाचे व्रत धनधान्याला लागू पडते तसेच ते येथेही पाळता येईल.

संग्रह करणे आणि त्याचा उपयोग करणे यांतील अंतर जैन समाजाने स्वतःच्या इतिहासात पाहिले आहे. मूडबिद्रीच्या भांडारात षट्खंडागमाची आणि त्यावरील धवला टीकेची ताडपत्रे शतकानुशतके जपली गेली. त्यांची पूजा होत असे, दर्शन होत असे. जुन्या कन्नड लिपीतील तो मजकूर वाचणारे मात्र फार थोडे उरले होते. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांनी पुढाकार घेतला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या प्रती करण्याचे काम सुरू झाले. अमरावतीला प्राध्यापक असलेल्या डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली धवलेचा पहिला भाग १९३९ साली छापून निघाला आणि पुढे सोळा भागांत तो ग्रंथ अभ्यासकांच्या हाती आला. जपणाऱ्यांचे ऋण मोठेच. पण वाचणाऱ्यांमुळे ते ज्ञान पुन्हा व्यवहारात आले. धर्मग्रंथ आणि दुकानाच्या वह्या यांची बरोबरी होऊ शकत नाही. तरीही दरवर्षी ज्या वह्यांचे आपण पूजन करतो, त्या पुन्हा उघडून वाचतो का, हा प्रश्न त्यावरून मनात यावा.

ज्यांना आरंभ करायचा आहे त्यांनी मोठ्या खर्चात पडू नये. साध्या संगणकावर, एका तक्त्यात, येत्या वीर निर्वाण संवत्सराच्या पहिल्या दिवसापासून सुरुवात करता येईल. प्रत्येक माणसाचे एकच नाव आणि एकच क्रमांक ठरवावा. प्रत्येक खरेदीला तारीख आणि तिथी दोन्ही लिहाव्यात. ज्या पोत्यांचा माल कारखान्यात गेला त्या पोत्यांचा क्रमांक उताऱ्याच्या रजिस्टरात यावा. मागील तीन वर्षांच्या वह्या सवडीने त्यात भराव्यात आणि हे काम घरातील सर्वांत जुना आणि सर्वांत तरुण अशा दोघांनी मिळून करावे. महिन्यातून एकदा सगळ्यांनी बसून त्या कोठाराला एकच प्रश्न विचारावा. उत्तर मिळाले की त्यावर लगेच निर्णय न घेता, ज्याच्याविषयी ते उत्तर आहे त्या माणसाला भेटून यावे. हंगाम उघडण्यापूर्वी अशा चार-पाच बैठका झाल्या, तरी पुढच्या खरेदीला बसताना त्या घराचा पाय पूर्वीपेक्षा भक्कम जमिनीवर असेल.